महाले गुरुजींचा तिसरा गिअर

महाले गुरुजी गाडी मागे घेत नाहीत. गाडीला रिव्हर्स गिअर आहे, तो पडतो, मी स्वतः टाकून बघितलेला आहे. पण गुरुजी तो वापरत नाहीत. त्यांचं म्हणणं, अख्ख्या गिअरबॉक्समध्ये नाजूक काही असेल तर ते हेच, आणि ते जपलं पाहिजे. कशासाठी जपायचं, असं विचारलं की म्हणतात, "वेळेला असावा."

त्यामुळे त्यांच्या दारातून हाक मारली तर माझ्या दुकानात ऐकू येते, पण गाडीने यायचं झालं की गुरुजी आधी एसटी डेपोकडे जातात, तिथून राजवाड्याच्या बाजूने सगळ्या जव्हारला वळसा घालतात आणि दुसऱ्या टोकाकडून माझ्यापुढे हजर होतात. गाडी कुठे लावायची तर आधी उतरून चालत जाऊन पुढची वाट मोकळी आहे का ते बघून येतात. एकदा बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाडीपुढे एका बाईने काकड्यांच्या पाट्या मांडल्या. गुरुजी गाडीत बसून राहिले. दुपार कलली तरी बाई हलेना आणि गुरुजी मागे जाईनात. शेवटी उरलेल्या सगळ्या काकड्या त्यांनीच विकत घेतल्या, तेव्हा कुठे ती उठली. आळीत त्या आठवड्यात घरोघर काकडीची कोशिंबीर होती.

ही गाडी त्यांना मी घेऊन दिली. माझं दुखणं तेच आहे.

जव्हारला माझं पत्र्याचं आणि पाइपाचं दुकान आहे. ते बापाकडून आलेलं नाही. मी दुसऱ्यांच्या ट्रकमधले पत्रे डोक्यावरून उतरवत होतो. आता माझे पत्रे दुसरे उतरवतात. या दोन गोष्टींच्या मधे मी एकच विद्या शिकलो, भाव करण्याची. आळीत कोणाला बैल घ्यायचा असो, मोबाइल घ्यायचा असो की लग्नाचा मंडप ठरवायचा असो, मला पुढे घालतात. मी त्याचं काही घेत नाही. समोरचा शेवटी कपाळाला हात लावून "घ्या बाबा, न्या," म्हणतो ना, तेवढ्यावर माझं पोट भरतं.

गुरुजी माझ्या अगदी उलट. ते भाव करतच नाहीत. पुष्कळ वर्षं साखरशेतला आणि मग जामसरला त्यांनी चौथीपर्यंतच्या पोरांना शिकवलं आणि निवृत्त होऊन आमच्या आळीत राहिले. मागे एकदा त्यांनी माझ्याकडून कोंबड्यांच्या खुराड्यासाठी पत्रा नेला. मी सवयीने चढा भाव सांगितला. त्यांनी "बरं" म्हटलं आणि खिशात हात घातला. मला इतका राग आला! भाव न करणारं गिऱ्हाईक समोर आलं की मला कोणी तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं. शेवटी मीच माझ्याशी घासाघीस करून भाव खाली आणला.

खुराडं होतं त्यांच्या बहिणीसाठी. गुरुजींच्या बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. मूल नाही. घरात आवाज म्हणून काय तो कुकरच्या शिट्टीचा. तेव्हा त्यांनी आळीत सांगून टाकलं, "बायला आणणार आहे. आता इथेच राहील." बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण, सोनीबाय. मोखाड्याच्या पुढे खोडाळ्याच्या रस्त्याने आत गेलं की पिंपळपाडा लागतो, तिथे असते. आई लवकर गेल्यावर तिनेच यांना वाढवलं. तिचे गुडघे गेलेत, जीपच्या मागच्या फळीवर माणसांत कोंबून तिला आणायचं नाही, स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून आणायचं, हे गुरुजींच्या मनाने घेतलं. तिच्यासाठी बुटकी खाट केली. कोंबड्यांशिवाय तिला करमणार नाही म्हणून खुराडं केलं. मग गाडी आली.

गाडी आम्ही नाशिकहून आणली. मालक डॉक्टर होता. तो सौदा मी कसा केला हे खरं तर वेगळं सांगायला हवं. मागच्या दाराचा रंग नवा आहे हे मी लांबूनच ओळखलं. दोनदा उठून फाटकापर्यंत गेलो, दोनदा त्याने परत बोलावलं. तिसऱ्यांदा उठणार, डॉक्टरचा आवाज आता मऊ पडलेला, आणि नेमके तेव्हाच गुरुजी म्हणाले, "गाडी छान आहे हो!" मी त्यांचा पाय इतक्या जोरात दाबला की ते उठून उभे राहिले. डॉक्टरला वाटलं हेही निघाले. त्याने हात टेकले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा.

त्र्यंबक मागे टाकून मोखाड्याकडे उतरायला लागलो तेव्हा गुरुजी गाडी चालवत होते. एकदम म्हणाले, "ऐकलंत?"

"काय?"

"तिसऱ्यात. कर्र झालं."

"मला नाही ऐकू आलं."

"गेलं आता," गुरुजी म्हणाले. "पण आलं होतं."

त्या दिवसापासून माझ्या मागे ही कटकट लागली. गुरुजी सकाळी गाडीपाशी जातात, बॉनेटवर कान टेकतात. त्यांना गिअर आणि मुलं यांत फरक दिसत नाही. "पहिला दांडगा आहे, पण ऐकतो. दुसरा कष्टाळू. चौथा गुणी. तिसऱ्याचं मात्र लक्ष नसतं, त्याच्याशी बोलत राहावं लागतं." आणि पाचवा? पाचवा ते टाकतच नाहीत. "माझी शाळा चौथीपर्यंतच होती," असं हसून सांगतात, पण खरोखरच टाकत नाहीत. सपाट, रिकामा रस्ता असला तरी गाडी चौथ्यात रडत असते आणि गुरुजी तिला समजावत असतात.

आळीतला एकही माणूस असा उरला नाही की ज्याला त्यांनी शेजारी बसवून "जरा ऐका" म्हणून फिरवून आणलं नाही. दळणाला निघालेल्या बायका ऐकून आल्या. पोस्टमन ऐकून आला. सगळे परत येऊन एकच सांगत, "काही नाही हो, चांगली आहे." गुरुजी मान हलवत. "आतलं कळत नाही."

हे वाक्य बाजारात पोचलं आणि माझी अब्रू गेली. डेपोसमोर काशिनाथचं चहाचं हॉटेल आहे. तिथे पाय ठेवला की कोणीतरी सुरू करायचं, "काय शेठ, गुरुजींना गाडी घेऊन दिलीत, गिअरबॉक्स तेवढा डॉक्टरकडेच राहिला म्हणे!" माझ्याकडे पत्रा घ्यायला येणारा शेतकरी पत्रा उलटा करून बघायला लागला. "आतलं बघतो शेठ." मी ओरडलो, पत्र्याला आत असतं का? तो म्हणाला, "नसलं तर बरंच हाय." आणि कळस म्हणजे आमच्याच आळीतल्या एकाने पिकअप घ्यायला जाताना मला सोडून दुसऱ्याला बरोबर नेलं. त्या रात्री मी जेवलो नाही.

रमेश मिस्त्रीकडे गाडी नेली. त्याने सगळं बघितलं, गिअर ऑइल बदललं, घाटात चढवून आणली, उतरवून आणली. म्हणाला, "गुरुजी, हा गिअरबॉक्स माझ्यापेक्षा जास्त जगेल."

"आज ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "पण म्हातारं माणूस बसलं आणि घाटात बंद पडली तर? नीट झाली की बायला आणणार. तोवर नाही."

"पण झाली ना नीट!"

"तुमच्या ओळखीचे आहेत ते मिस्त्री," गुरुजी मला हळूच म्हणाले.

मी हातातला पाना रस्त्यावर आपटला.

यानंतरच्या एका बुधवारी काशिनाथच्या हॉटेलात माझं डोकं फिरलं. गुरुजी कोणाला तरी तिसऱ्याचा आवाज तोंडाने काढून दाखवत होते. मी उभा राहिलो. "गुरुजी, उठा! आत्ता तुमच्या गाडीने तुमच्या बायला आणायला जायचं. तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो. वाटेत गिअरबॉक्सने काही केलं तर गाडी माझी, तुम्ही दिली त्या किमतीला मी घेतो. नाही केलं, तर संध्याकाळी इथेच उभं राहून सगळ्यांसमोर म्हणायचं, गिअरबॉक्स उत्तम आहे."

हॉटेल एकदम खूश झालं. काशिनाथने गाळणी खाली ठेवली. "जा गुरुजी! शेठनं बोली लावली!"

गुरुजींचा चेहरा उतरला. "आज? आज तर बुधवार."

"मग? बुधवारी गिअर सुट्टीवर असतात?"

सगळे हसले. गुरुजींना उठावं लागलं. मला तेव्हा बुधवारचं काही वाटलं नाही. मी रागात होतो, आणि मला जिंकायचं होतं.

भाताची कापणी सुरू झाली होती. रस्त्याच्या कडेला पेंढ्या वाळत पडल्या होत्या, खालच्या उतारांवर नाचणी उभी होती. गाडी अशी चालली होती की मलाच ती विकत घ्यावीशी वाटायला लागली. चढाला दुसरा, उताराला दुसरा, वळणाला तिसरा, लोण्यासारखा. मी एकेका गिअरला मोठ्याने म्हणत होतो, "आला आवाज? नाही आला!" गुरुजी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते, आरशात बघत होते, काच खाली करून परत वर घेत होते. मध्येच म्हणाले, "ती नसेल घरी. कापणीला गेली असेल."

"मग शेतातून आणू."

"अशी अचानक कशी येईल? तयारी नको?"

"गुरुजी, तुम्ही खाट करून वर्ष होत आलं!"

त्यांनी काच परत खाली घेतली.

खोडाळ्याचा रस्ता सोडून आतल्या वाटेला लागलो. तिथे एका अरुंद मोरीवर समोरून एसटी आली. मी मनात म्हटलं, आता मजा आहे, हे मागे जाणार नाहीत आणि एसटी तर मुळीच नाही. पण एसटीवाल्याने आमची गाडी बघितली, काही न बोलता बस मागे घेतली आणि आम्ही जवळून जाताना खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "राम राम गुरुजी! आज बुधवारी कसं काय?"

मी गुरुजींकडे बघितलं. "हा तुम्हाला ओळखतो?"

"विद्यार्थी असेल," गुरुजी रस्त्याकडे बघत म्हणाले.

"तो माझ्यासारखा पन्नाशी उलटलेला आहे, विद्यार्थी कसला? आणि बुधवारी कसं काय म्हणजे?"

गुरुजींनी गिअर बदलला. मन लावून.

पिंपळपाड्याला रस्ता सोनीबायच्या अंगणातच संपतो. पुढे उतार, खाली ओहोळ. गाडी वळवायला जागा नाही. परत फिरायचं तर मागेच घ्यावी लागणार. मी हात चोळले. म्हटलं, आता रिव्हर्सही बघून घेतो. गाडी थांबली मात्र, शेजारच्या घरांतून चार-पाच गडी बाहेर आले. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. गुरुजींनी गाडी न्यूट्रलला टाकली, ते पुढे येऊन बॉनेटला लागले आणि "हां, दाबा!" म्हणत त्यांनी गाडी ढकलत मागे नेली, चिंचेखाली तोंड फिरवलं आणि जवळच पडलेला एक दगड चाकाखाली सरकवला. मग हात झटकत घरी गेले. एवढं सगळं इतकं सवयीने झालं की मला तोंड उघडायला जागाच मिळाली नाही.

त्यांतल्या एकाला मी थांबवलं. "तुम्ही नेहमी असं करता?"

"आयतवारी येतात ना गुरुजी. आम्ही फिरवून देतो. त्यांचा मागचा गिअर दुखतो."

गुरुजी आळीत सांगत की रविवारी ते गाडीची चाचणी घ्यायला घाटापर्यंत जातात. दर रविवारी इतक्या लांब येऊन ही गाडी परत जात होती, आणि माझी मात्र काशिनाथच्या हॉटेलात धिंड निघत होती! माझी कानशिलं तापली. आता यांना सोडायचं नाही असं ठरवून मी घरात शिरलो. गुरुजी बाहेरच राहिले, बॉनेट उघडून आत वाकले.

सोनीबाय चुलीपाशी होती. वाळलेली, ताठ, डोळे मिश्कील. गुडघ्यांवर हात रोवून उठली, मला कोरा चहा दिला. मी बसल्या बसल्या सुरुवात केली. "बाई, मी दामूशेठ. ही गाडी मी यांना घेऊन दिली. गाडीला काही झालेलं नाही. आज तुम्हाला न्यायला आलोय. बोचकं बांधा."

तिने पदराने भांडं पुसलं. "मी नाय येवाची, शेठ."

"म्हणजे आज नाही?"

"कवाच नाय. त्याला तवाच सांगला. त्याची बायको मेली, दिवस झाले, तवा मला म्हणला, बाय, चल माझ्या घरी. मी म्हणली, माझा घर हाय, दोन खाचरा हायत, नातवंडा हायत, कोंबड्या हायत. तिकडं जव्हारात मी काय दाराला टेकून बसू? नाय म्हणली." ती थांबली. "लय रडला. एवढा मोठा मास्तर."

"मग गाडी का घेतली त्यांनी?"

"मला काय माहीत? मोप महिन्यांनी गाडी घेऊनच आला. मी म्हणली, आता परत इचारंल न् मला परत नाय म्हणाया लागंल. तर त्यानं इचारलाच नाय. म्हणला, बाय, गाडी अजून बरी नाय, आतून वाजते. बरी झाली का नेतो तुला." तिने लाकूड आत सारलं. "मी म्हणली, बरं."

"आणि दर रविवारी हेच?"

"दर आयतवारी. येतो, भाकर खातो, म्हणतो, अजून नाय झाली बरी. मी म्हणते, होऊ दे सावकाश. मंग जातो."

मी बाहेर बघितलं. गुरुजी बॉनेटमध्ये डोकं घालून उभे होते. "म्हणजे आवाजाचं सगळं खोटं?"

सोनीबायला ते आवडलं नाही. "खोटा नाय बोलत तो. लहानपनापासून नाय. त्याला येतो आवाज." मग माझ्याकडे वळून, एकदम गिऱ्हाइकाच्या सुरात म्हणाली, "शेठ, तुमी शहाणी मानसं. ती गाडी बरी नका करू."

मी चहा संपवला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे कोणी काही मागितलं आणि मला त्याचा भाव करावासा वाटला नाही.

गुरुजी आत आले, हात पुसत. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग बहिणीकडे, परत माझ्याकडे. सौद्यात मी माणसाचे डोळे बघतो. ज्याला वस्तू सोडवत नाही त्याचे डोळे कसे असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. ते काही बोलण्याआधीच मी म्हणालो, "बाई, आम्ही नुसती भेट घ्यायला आलो. तिसरा गिअर अजून कुरकुरतो. एवढ्यात तुम्हाला त्यात बसवणं बरं नाही."

"होऊ द्या सावकाश," सोनीबाय म्हणाली, आणि तिने आम्हा दोघांपुढे भाकरी ठेवल्या.

परतताना गाडी सुरेख चालली होती, आणि त्याचाच मला संताप येत होता. जव्हार जवळ आलं तेव्हा ते म्हणाले, "शेठ, हॉटेलात जायलाच पाहिजे का?"

"बोली लावलीय. पळून गेलो तर उद्या कोण माझ्याशी सौदा करेल?"

काशिनाथच्या हॉटेलात सकाळची सगळी मंडळी हजर होती, वर आणखी चार. काशिनाथने गाडीत वाकून बघितलं. "बाई कुठायत?"

गुरुजी बाकाला धरून उभे राहिले.

"कुठल्या बाई?" मी म्हणालो. "मोखाडा सोडला न् तिसऱ्याने दगा दिला. असा वाजला की मीच घाबरलो. म्हाताऱ्या माणसाला असल्या गाडीत बसवायचं नाही, मीच सांगितलं."

हॉटेल असं हसलं की रस्त्यावरची माणसं थांबली. "शेठ फसले!" "डॉक्टरनं दामूशेठला गंडवलं!" कोणी टाळ्या वाजवल्या. काशिनाथ म्हणाला, "मग बोलीप्रमाणं गाडी तुमची झाली की हो!"

"नादुरुस्त गाडी मी घेत नाही," मी ओरडलो. "दुरुस्त होऊ दे, मग बघू."

यावर ते आणखी हसले. माझे कान लाल झाले होते. त्या गर्दीत पिकअपवालाही होता, ज्याने मला सोडून दुसऱ्याला नेलं होतं. तो तर डोळे पुसत होता.

मी बाकावर बसलो. गुरुजी माझ्या शेजारी बसले, नेहमीपेक्षा जरा जवळ. काशिनाथने दोन चहा ठेवले. हसणं ओसरेपर्यंत गुरुजी कपाकडे बघत राहिले. मग कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "शेठ, असल्या दुरुस्तीला किती दिवस लागतात?"

"लागतील तेवढे," मी खेकसलो. "गप चहा प्या."